नाव, क्रमांक आणि लांब ठेवलेली प्रत

काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं. तालुक्याचं ठाणं. कचेरी, बाजार, देवळं, शाळा, सगळं तिथं. गणेशगुडीला काळीवर धरण बांधलं गेलं, १९८७ साली ते पुरं झालं आणि १०१ मीटर उंच भिंतीमागे चढलेल्या पाण्यात सुपा गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, बरीच माणसं रामनगरला वसवली गेली. सुप्याचा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडे होता. त्यामुळे जुनं महसुली दप्तर मुंबईच्याच वळणाचं, सर्वे नंबर आणि खातेदाराच्या नावानं चालणारं. गाव बुडालं, पण दप्तर कोरडं राहिलं. कोणाची किती जमीन गेली, कोण कोणाचा वारस, कोणाला काय मिळायचं, हे सगळं त्या दप्तरावर ठरलं. ज्याचं नाव त्यात नीट चढलेलं नव्हतं, त्याला आपण सुप्याचे आहोत हे सिद्ध करत फिरावं लागलं.

मी गणेशगुडीचा. माझं सगळं कामाचं आयुष्य कंपन्यांच्या नेटवर्कमधली यूजर अकाउंट सांभाळण्यात गेलं. सकाळी हजारभर माणसं संगणकापुढे बसतात, नाव आणि पासवर्ड टाकतात आणि आपापल्या फायली उघडतात. त्यामागे एक नोंदवही असते. हा माणूस कोण, कोणत्या विभागाचा, त्याला कोणत्या दाराची किल्ली आहे, हे तिच्यात असतं. आमच्या धंद्यात तिला डिरेक्टरी म्हणतात. ती गेली तर कंपनीच्या सगळ्या फायली जागच्या जागी असूनही एकही माणूस आत येऊ शकत नाही. तिची दुसरी प्रत ठेवण्याची रीत कशी घडत गेली, याचा इतिहास आमच्या धंद्याबाहेर कोणी सांगत नाही. तो सांगावा असं मला वाटतं, कारण त्या रीतीचा पहिला धडा मला धरणाच्या कामावर मिळाला.

माझे बाबा धरणाच्या एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होते. दूरदूरच्या गावांतून माणसं कामाला यायची. एकाच टोळीत तीन मारुती, दोन हुसेन, चार यल्लप्पा. म्हणून प्रत्येकाला पितळी बिल्ला आणि त्यावर नंबर. हजेरी मांडायची ती नंबरावर. नाव शेजारी लिहायचं ते हाक मारायला. काम सोडून गेलेल्याचा नंबर बाबा दुसऱ्या कोणाला देत नसत. त्या नंबरावर जुनी उचल असायची, जुना हिशेब असायचा. नव्या माणसाला तोच नंबर दिला की गेलेल्या माणसाचं देणं-घेणं त्याच्या माथी बसलं. मस्टर कार्बन घालून दोन प्रतींत लिहायचं. एक साइटवर, दुसरी दर आठवड्याला वरच्या ऑफिसात. जोयड्याकडचा पाऊस कागद टिकू देत नाही. पत्र्याच्या शेडमधली प्रत पावसाळ्यात हमखास भिजायची, शाई पसरायची. बाबा म्हणायचे, "दोन्ही प्रती एकाच पेटीत असतील, तर ती एकच प्रत धरायची."

त्या मस्टरमध्ये तीन गोष्टी होत्या. माणसाला त्याच्या नावाहून वेगळा क्रमांक असतो, तो क्रमांक पुन्हा वापरायचा नसतो, आणि दुसरी प्रत लांब असावी लागते. पुढे संगणकाच्या दुनियेत या तिन्ही गोष्टी लोकांना एकेक करून, नुकसान सोसून शिकाव्या लागल्या.

मी कामाला लागलो तो १९९३ नंतर, बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात. तेव्हा ऑफिसांतून नॉव्हेल नेटवेअरचं राज्य होतं. नेटवेअर ३.१२ मध्ये यूजरची नोंदवही होती बाइंडरी. सर्व्हरवरच्या तीन लपवलेल्या फायली: एकीत कोण आहेत त्यांची नावं आणि क्रमांक, दुसरीत त्यांचे गुणधर्म कोणते, तिसरीत त्या गुणधर्मांची मूल्यं. ती बिघडली की 'बाइंडफिक्स' चालवायचं. ते तिन्ही फायलींची जुनी प्रत बाजूला काढून नवीन बांधायचं, आणि नवीन पटली नाही तर 'बाइंडरेस्ट' जुनी परत आणायचं. ही आमची पहिली बॅकअपची सोय. पण ती जुनी प्रत त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेल्या.

आणखी एक गोष्ट तिथं कळली. कोणत्या फोल्डरवर कोणाचा हक्क, हे नेटवेअर फायलींच्या बाजूला क्रमांक लिहून ठेवायचं, नाव नव्हे. कोणी नुसत्या फायलींचा टेपवर बॅकअप घेतला आणि बाइंडरीचा घेतला नाही, तर नव्या सर्व्हरवर फायली यायच्या पण त्यांचे हक्कदार कोण ते हरवलेलं असायचं. मग दोन-तीन दिवस कागद घेऊन विभागाविभागात फिरा, कोणाला काय दिसायचं ते विचारा आणि हातानं भरा. म्हणून त्या काळातल्या चांगल्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'बाइंडरीसह' हे शब्द ठळक असायचे.

मग विंडोज एनटी आलं, ४.० आवृत्ती १९९६ ची. तिच्यात एक मुख्य सर्व्हर, प्रायमरी डोमेन कंट्रोलर, आणि त्याच्या पाठीशी एक किंवा अधिक बॅकअप डोमेन कंट्रोलर. अकाउंट सगळी मुख्यावर बनवायची, बाकीच्यांनी त्याच्याकडून उतरवून घ्यायची. या 'बॅकअप' शब्दानं बऱ्याच ऑफिसांना फसवलं. मुख्य सर्व्हर जळाला तर दुसरा त्याची जागा घ्यायचा, हे खरं. पण मुख्यावरून कोणी एखादं अकाउंट पुसलं तर पाचेक मिनिटांत ते दुसऱ्यावरूनही पुसलं जायचं. सावली माणसाबरोबर हलते. माणूस खड्ड्यात पडला तर तीही पडते. चूक झाली तर मागे जाता यावं यासाठी काळाच्या एका ठिकाणी थांबलेली प्रत लागते. एनटीमध्ये ती फ्लॉपीवर घ्यायची, इमर्जन्सी रिपेअर डिस्क नावाची. त्यातही मेख होती. 'आरडिस्क' ही आज्ञा साधी दिली तर अकाउंटची फाइल ताजी होत नसे. पुढे 'स्लॅश एस' जोडावं लागे. मोठ्या ऑफिसात तर ती फाइल १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेनाशी व्हायची. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या कितीतरी फ्लॉप्या सर्व्हर बसवल्याच्या दिवशीच्या होत्या. त्यांत त्या दिवशीची दोन अकाउंट, आणि पुढची तीन वर्षं कोरी.

१७ फेब्रुवारी २००० ला विंडोज २००० बाजारात आलं आणि त्याबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी. आज जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची नोंदवही हीच आहे. तिची मुळं जुनी: १९८८ च्या एक्स.५०० या मानकात आणि मिशिगन विद्यापीठात त्याचं सुटसुटीत रूप म्हणून तयार झालेल्या एलडॅपमध्ये, ज्याचा पहिला दस्तऐवज १९९३ चा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मुख्य-दुय्यम हा भेद गेला. कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर बदल करा, तो बाकीच्यांकडे पोचतो. सगळी नोंदवही एका डेटाबेस फाइलमध्ये, 'एनटीडीएस डॉट डिट'. ती फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. तिच्याबरोबर रजिस्ट्री, सिसव्हॉल, बूट फायली, सगळं एका क्षणाचं एकत्र घ्यावं लागतं. त्याला 'सिस्टम स्टेट' म्हणतात, आणि विंडोजच्या 'एनटीबॅकअप'मध्ये तो एका चौकटीवर टिचकी मारून घेता यायचा. ती चौकट न टिचकवता डी ड्राइव्हचाच बॅकअप घेणारी ऑफिसं मी खूप पाहिली.

पुसलेलं अकाउंट लगेच नाहीसं होत नाही. त्याची जवळजवळ सगळी माहिती काढून घेतात, नुसता सांगाडा आणि क्रमांक उरतो, म्हणजे बाकीच्या सर्व्हरना 'हे पुसलं आहे' हे कळावं. या सांगाड्याला टूमस्टोन म्हणतात. तो आधी ६० दिवस राहायचा; २००३ च्या सर्व्हिस पॅक १ नंतर उभ्या केलेल्या नव्या व्यवस्थांत १८० दिवस. बॅकअपचं आयुष्यही तेवढंच. त्याहून जुनी प्रत परत आणली तर जी अकाउंट बाकी सगळीकडून कायमची गेली आहेत ती एकाच सर्व्हरवर पुन्हा उगवतात, आणि ती पुसली होती हे सांगायला कोणाकडे सांगाडाही उरलेला नसतो. म्हणून प्रणाली अशी प्रत नाकारते. दोन वर्षांपूर्वीची टेप जपून ठेवली म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाकडे अकाउंटच्या बाबतीत काहीच नसतं.

एका कंपनीत सोडून गेलेल्या लोकांची अकाउंट काढायची मोहीम चालली होती. यादी चुकली आणि अख्खा डिझाइन विभाग, लोक, त्यांचे ग्रुप, सगळं एका आज्ञेत पुसलं गेलं. चहाच्या सुट्टीच्या आत सगळ्या डोमेन कंट्रोलरवरून गेलं. आदल्या रात्रीचा सिस्टम स्टेट टेपवर होता. पण तो नुसता परत घालून उपयोग नसतो. सर्व्हर जागा झाला की शेजारचे त्याला सांगतात, हे काल रात्रीचं आहे, सकाळी आम्ही हे पुसलं. आणि तो ऐकतो, पुन्हा पुसतो. म्हणून सर्व्हर एका खास अवस्थेत सुरू करावा लागतो, डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोर मोडमध्ये. त्या अवस्थेचा पासवर्ड वेगळा. सर्व्हर पहिल्यांदा उभा करताना तो कोणीतरी टाकलेला असतो आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याची कोणाला गरज पडत नाही. त्या कंपनीत तो लाखेच्या सीलबंद पाकिटात अकाउंट्स विभागाच्या तिजोरीत होता. ते पाकीट नसतं तर टेप हातात असून आम्ही बाहेरच उभे राहिलो असतो.

पुढचं काम 'एनटीडीएसयूटिल' नावाच्या साधनानं. ते परत आणलेल्या प्रत्येक नोंदीचा आवृत्ती-क्रमांक वाढवतं, बॅकअप जितके दिवस जुना तितक्या वेळा एक लाखानं. मग शेजारचे सर्व्हर पाहतात, याचा आकडा आपल्याहून मोठा, म्हणजे याचंच खरं. आणि पुसलेला विभाग सगळीकडे परत उभा राहतो. माणसं परत आली, पण दुसऱ्या गटांतली त्यांची सभासदत्वं सगळी आली नाहीत. ती नोंद माणसाच्या बाजूला नसतेच, गटाच्या बाजूला असते. त्यासाठी साधन एक वेगळी फाइल काढून देतं आणि ती दुसऱ्या फेरीत चालवावी लागते. संध्याकाळी डिझाइनच्या लोकांनी आपापली ड्रॉइंग उघडली तेव्हा माझ्या अंगावरून ताण उतरला.

"एवढा खटाटोप कशाला, त्याच नावानं नवीन अकाउंट बनवा," असं मला अनेक मॅनेजरांनी सांगितलं आहे. ते का चालत नाही, हेच या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे. विंडोज प्रत्येक अकाउंटला एक सुरक्षा-क्रमांक देतं, एसआयडी. डोमेनचा, म्हणजे कंपनीच्या त्या जाळ्याचा, लांबलचक आकडा आणि शेवटी त्या माणसाचा स्वतःचा. मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा शेवट नेहमी ५००, बाकीच्यांचे १००० पासून पुढे. एकदा दिलेला आकडा त्या डोमेनमध्ये दुसऱ्याला कधीच मिळत नाही. फायलींच्या दारावर लिहिलेला असतो तो हा आकडा. जुनं अकाउंट पुसून तंतोतंत त्याच नावाचं नवं बनवलं तर नाव तेच, पण आकडा नवा, आणि माणूस आपल्याच फायलींना परका. फोल्डरच्या हक्कांच्या यादीत नावाच्या जागी नुसते 'एस-१-५-२१' नं सुरू होणारे अंक दिसतात. तो माणूस कोण होता हे कोणाला सांगता येत नाही. याच कारणानं यूजरची यादी एक्सेलमध्ये काढून ठेवणं हा बॅकअप नव्हे. यादीत नावं, फोन, विभाग येतात. पासवर्ड येत नाही, आणि यादीवरून नव्यानं बनवलेल्या अकाउंटला जुना आकडा देता येत नाही.

अकाउंट म्हणजे माणसाची जबाबदारीही. आमच्या कर्नाटकात २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आले. १७७ तालुके, सुमारे दोन कोटी उतारे, ६७ लाख खातेदार. तिच्यात नोंद फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच आत यावं लागे. पासवर्ड दुसऱ्यानं वापरला, ही सबब राहू नये म्हणून. उताऱ्यावर कोणता फेरफार कोणत्या माणसानं केला, हे त्याच्या अकाउंटशी बांधलेलं राहिलं. अशा ठिकाणी अकाउंटच्या नोंदी हरवल्या तर आजचं काम अडतंच, शिवाय कालच्या कामाचा साक्षीदारही जातो.

लांब ठेवलेली प्रत, हा तिसरा धडा जगाला २७ जून २०१७ ला मिळाला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू सुटला. तो संगणकाच्या स्मृतीतून ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड उचलायचा आणि त्याच अधिकारानं पुढच्या संगणकात शिरायचा. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जाळं काही तासांत झोपलं. त्याचा घाव थेट महाराष्ट्रात बसला: न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मर्स्कच्याच समूहातलं टर्मिनल, वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याच्या क्षमतेचं. तिथली संगणकयंत्रणा बंद पडली आणि काम हातानं करायची वेळ आली. बंदराबाहेर ट्रेलर थांबले.

मर्स्ककडे जगभर मिळून दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते. सगळे एकमेकांशी जोडलेले, एक गेला तर दुसरा आहेच या हिशेबानं. सगळे एकाच वेळी जातील हे कोणी धरलं नव्हतं. आणि ते गेले. इतर सर्व्हरांचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडत होते, पण नोंदवहीची प्रत सापडेना. आणि नोंदवहीशिवाय बाकी काही उभं करता येईना. शेवटी एक डोमेन कंट्रोलर सापडला घानामध्ये. विषाणू येण्याआधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. घानाहून इंग्लंडला तारेवरून डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एक माणूस हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला पोचला. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा बांधली गेली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

माझं गाव विजेवर उभं राहिलेलं आहे. सुपा धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात १०० मेगावॉट, आणि इथून सोडलेल्या पाण्यावर खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा ही वीजघरं. वीज अखंड राहावी यासाठी राबणाऱ्या माणसांत मी वाढलो. वीज गेली म्हणून जगातली एवढी मोठी कंपनी वाचली, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत होतो. मर्स्कला नशिबानं जे मिळालं ते प्रत्येकानं मुद्दाम करून ठेवायला हवं: एक प्रत अशी, जिला जाळ्यातून हात लागत नाही. तार काढलेली, दुसऱ्या गावात ठेवलेली.

मर्स्कच्या घटनेआधीपासूनच सोयी वाढत आल्या आहेत. २००९ च्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये डिरेक्टरीला रिसायकल बिन मिळाला. त्यातून अकाउंट सगळ्या गुणधर्मांसह, गटांसह परत येतं. पण तो आपोआप चालू नसतो, कोणीतरी चालू करावा लागतो. २०१२ च्या आवृत्तीत व्हर्च्युअल सर्व्हरचा जुना स्नॅपशॉट परत आणला तर डोमेन कंट्रोलरला ते ओळखता येऊ लागलं. त्याआधी असा मागे गेलेला सर्व्हर चुपचाप वेगळीच नोंदवही चालवत राहू शकायचा. अकाउंट क्लाउडवर गेली तिथंही मायक्रोसॉफ्ट पुसलेला यूजर ३० दिवसच ठेवतं. एकतिसाव्या दिवशी तक्रार करायला जागा नाही.

मी आता गावी परतलो आहे. जोयडा, रामनगर, दांडेलीकडच्या पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने अडचण आली की बोलावतात. मी प्रत्येक ठिकाणी तेच मागतो. एकाहून अधिक डोमेन कंट्रोलरचा रोजचा सिस्टम स्टेट. रिसायकल बिन चालू. रिस्टोर मोडचा पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात, दोघांच्या माहितीत. आठवड्याची एक प्रत तार काढलेल्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या गावात. ही यादी सगळे मान्य करतात. यापुढचं मागणं मात्र मागे पडतं, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे: ती प्रत प्रत्यक्ष परत उभी करून बघा. बाकी जाळ्यापासून तोडलेल्या एका रिकाम्या मशीनवर, दुसऱ्या कोणाच्या हातून, लिहून ठेवलेल्या पायऱ्यांनी. चार माणसांना त्या उभ्या केलेल्या व्यवस्थेत लॉग-इन करायला लावा आणि त्यांच्या फायली उघडतात का पाहा. जी प्रत कधी परत उभी करून पाहिली नाही, तिच्यावर हजार माणसांचं काम टांगून ठेवायचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. वर्षातला एक दिवस यासाठी ठरवून कंपनीच्या कॅलेंडरवर छापा, आणि त्या दिवशी बाकीचं काम अडलं तर अडू द्या.